डेबियनवर लिनक्स कर्नल स्वतः कंपाइल करताना

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करण्यातला (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्यातला) सर्वांत सोपा भाग म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल करणे. एक आज्ञा द्यायची आणि मशीनला काम करू द्यायचे. कस लागतो तो त्याच्या आधी आणि नंतर. कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय नोंदवलेल्या फाइलीत, काय ठेवले आणि काय काढले, आणि नवा कर्नल उठलाच नाही तर जुन्यावर परत यायची सोय केली होती की नाही, यावर सगळे अवलंबून असते. बहुतेक लेखांमध्ये या दोन गोष्टी दोन ओळींत उरकलेल्या असतात. इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

कृती डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, आणि ६.१२ मालिकेचा कर्नल धरून लिहिली आहे. डेबियन १२, उबंटू किंवा मिंटवरही ती थोड्या फरकाने चालते. आज्ञा, फाइली आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाइप करावीत.

गरज आहे का, ते आधी ठरवा

‘स्वतः कंपाइल केला की मशीन वेगाने चालते’ हे कारण सोडून द्या. आजच्या लॅपटॉपवर तो फरक हाताला जाणवत नाही. न लागणारी मॉड्यूल्स, म्हणजे कर्नलचे गरजेप्रमाणे चढवले जाणारे तुकडे, डिस्कवर पडून असतात. ती मेमरीत चढत नाहीत, त्यामुळे ती काढून वेग वाढत नाही.

खरी कारणे वेगळी असतात. एखादा पॅच (कोडमधला नेमका बदल) लावून पाहायचा असतो. डेबियनने बंद ठेवलेला पर्याय हवा असतो. पूर्वी चालणारे हार्डवेअर नव्या आवृत्तीत चालेनासे झाले की नेमका कोणत्या बदलाने घोटाळा झाला ते ‘गिट बायसेक्ट’ने शोधायचे असते. किंवा कर्नल आतून समजून घ्यायचा असतो, आणि तेही पुरेसे कारण आहे. फक्त नव्या वाय-फाय कार्डासाठी नवा कर्नल हवा असेल, तर आधी डेबियनच्या ‘बॅकपोर्ट्स’मध्ये (स्थिर डेबियनसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्यांच्या साठ्यात) बघा. तिथे तयार पॅकेज मिळाले तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

आधी परतीची वाट

ही तयारी सोर्स उतरवण्याच्या आधी करायची.

सध्या चालणारा कर्नल काढू नका आणि ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ हे मेटापॅकेजही (नव्या कर्नलचे पॅकेज ओढून आणणारे नाममात्र पॅकेज) राहू द्या. डेबियनचे सुरक्षा अपडेट त्याच्यामार्फत येतात आणि तोच तुमचा राखीव कर्नल असतो.

‘डीएफ -एच /बूट’ देऊन जागा बघा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर /बूटचे पार्टिशन वेगळे असते आणि पुष्कळदा ५०० एमबीच्या आसपासच असते. एका कर्नलची इमेज आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) मिळून शंभर एमबी सहज खातात. इनिटरॅमएफएस लिहिताना जागा संपली की फाइल अर्धवट राहते, आणि ते पुढच्या बूटला कळते.

‘एमओके-यूटिल --एसबी-स्टेट’ने सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड बूट होऊ देणारी सोय) चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर सही नसलेला कर्नल ग्रब, म्हणजे बूटच्या वेळी कर्नल निवडून चढवणारा प्रोग्राम, लोड करणार नाही. ‘बॅड शिम सिग्नेचर’ असा संदेश येईल. मार्ग दोन. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, किंवा ‘ओपनएसएसएल’ने स्वतःची चावी तयार करून ती ‘एमओके-यूटिल --इम्पोर्ट’ने नोंदवा आणि दर वेळी ‘एसबीसाइन’ने कर्नलवर सही करा. पहिल्यांदाच करत असाल तर तात्पुरते बंद करणे बरे. एका वेळी एकच नवी गोष्ट शिकावी.

त्याच मशीनवर विंडोज आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर सिक्युअर बूट बदलण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवा. विंडोज पुढच्या वेळी ती मागण्याची शक्यता असते.

आता ग्रब. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलीत तीन बदल करा. टाइमआउट किमान ५ सेकंद ठेवा. ‘ग्रब-डिफॉल्ट’ची किंमत ‘सेव्हड’ करा. ‘ग्रब-सीएमडीलाइन-लिनक्स’मध्ये ‘पॅनिक=१०’ जोडा. नंतर ‘अपडेट-ग्रब’ चालवा आणि ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ने सध्याच्या चालत्या कर्नलची नोंद पक्की करा. ही पायरी राहिली तर ‘सेव्हड’मध्ये काहीच सापडत नाही आणि ग्रब यादीतली पहिली नोंद उचलतो. कर्नल ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’च्या उपयादीत असतात, म्हणून नोंद देताना आधी उपयादीचे नाव, मग ‘>’ हे चिन्ह आणि मग कर्नलच्या ओळीचे नाव, असे अवतरणात द्यावे लागते.

यामुळे नवा कर्नल ‘ग्रब-रीबूट’ने फक्त एका खेपेपुरता निवडता येतो. तो पॅनिक झाला, म्हणजे गंभीर चुकीने जागीच थांबला, तर दहा सेकंदांनी मशीन आपोआप रीबूट होते आणि जुन्या कर्नलवर येते. दुसऱ्या शहरातल्या डेटासेंटरमधल्या सर्व्हरवर काम असेल तर ही सोय नसताना कर्नल बदलूच नये. एक अट मात्र आहे: /बूट एलव्हीएम, सॉफ्टवेअर रेड किंवा बीटीआरएफएसवर असेल तर ग्रबला त्यावर लिहिता येत नाही, त्यामुळे ‘एकदाच’ची खूण पुसली जात नाही आणि तोच नादुरुस्त कर्नल पुन्हा पुन्हा उठत राहतो. अशा मशीनवर रिमोट कन्सोल हवाच.

साहित्य

एपीटीने ही पॅकेजेस घ्या: बिल्ड-इसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, बीसी, लिबएनकर्सेस-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, ड्वार्व्ह्ज, आरसिंक, केमॉड, सीपीआयओ, पायथन३, डेबहेल्पर. आरसिंक नसला तर पॅकेज बनवण्याचे काम अडते. म्हणून तो विसरू नका.

डिस्कवर ३० जीबी मोकळी ठेवा. डीबग माहिती बंद केली तर त्याच्या थोड्याच भागात काम होते, पण कॉन्फिगमध्ये ती चुकून चालू राहिली तर २० जीबीदेखील पुरत नाहीत.

रूट म्हणून कंपाइल करू नका. होम डिरेक्टरीत साध्या यूजरने सगळे होते. सुडो फक्त इन्स्टॉलच्या वेळी लागते. ज्या फोल्डरमध्ये काम करणार त्याच्या पूर्ण मार्गात कुठेही स्पेस किंवा कोलन नको. ‘माय प्रोजेक्ट्स’ असे नाव असले तरी कर्नलची मेकफाइल सुरुवातीलाच नकार देते.

सोर्स

मूळ सोर्स कर्नल डॉट ऑर्गवर मिळतो. तिथे ‘मेनलाइन’, ‘स्टेबल’ आणि ‘लाँगटर्म’ असे प्रकार दिसतील. रोजच्या मशीनसाठी लाँगटर्म, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणारा प्रकार, घ्या. ६.१२ ही तशी मालिका आहे, आणि रिअल-टाइमसाठीचा ‘प्रीएम्प्ट-आरटी’ पर्याय वेगळा पॅच न लावता याच आवृत्तीपासून मूळ सोर्समध्ये मिळू लागला. टारबॉल (सगळा सोर्स दाबून भरलेली एकच फाइल) दीडशे एमबीच्या आसपास असतो आणि उलगडल्यावर दीड जीबीच्या वर जातो. गिटने पूर्ण इतिहास उतरवायचा तर काही जीबी डेटा जातो. बायसेक्ट करायचे नसेल तर टारबॉल पुरे, किंवा ‘--डेप्थ १’ देऊन फक्त शेवटची अवस्था घ्या.

सही तपासा, हे टाळू नका. सहीची फाइल ‘.टार.साइन’ ही उलगडलेल्या टार फाइलीची असते, ‘.एक्सझेड’ची नव्हे. म्हणून ‘एक्सझेड -सीडी’ने टारबॉल सोडवून पाइपमधून ‘जीपीजी --व्हेरिफाय’ला द्यावा लागतो. थेट ‘.एक्सझेड’वर तपासणी केली तर ‘बॅड सिग्नेचर’ येते आणि फाइल खराब असल्याचा गैरसमज होतो. मेनलाइन आवृत्त्यांवर लिनस टोरवाल्ड्स यांची सही असते, स्टेबल आवृत्त्यांवर सहसा ग्रेग क्रोआ-हार्टमन यांची. दोघांच्याही सार्वजनिक चाव्या ‘जीपीजी --लोकेट-कीज’ने मिळतात.

डेबियनचे स्वतःचे पॅच असलेला सोर्स हवा असेल तर ‘लिनक्स-सोर्स-६.१२’ हे पॅकेज घ्या. टारबॉल ‘/यूएसआर/एसआरसी’मध्ये येतो, तो होम डिरेक्टरीत उलगडा. एखादाच पर्याय बदलायचा असेल तर हाच सोर्स जास्त सोयीचा.

पॅच लावताना आधी ‘पॅच -पी१ --ड्राय-रन’ करून बघा. स्टेबलच्या पॅचबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा: ६.१२.५ चा पॅच ६.१२ च्या मूळ सोर्सवर लागतो, ६.१२.४ वर नाही. ४ वरून ५ वर जायचे असेल तर वेगळे ‘इन्क्रिमेंटल’ पॅच असतात.

कॉन्फिग: खरे काम इथे आहे

रिकाम्या पाटीवरून सुरुवात करू नका. आज चालणाऱ्या कर्नलची कॉन्फिग /बूटमध्ये असते. ती ‘कॉन्फिग-’च्या पुढे ‘यूनेम -आर’चे उत्तर जोडलेल्या नावाने सापडेल. ती सोर्स फोल्डरमध्ये ‘.कॉन्फिग’ या नावाने कॉपी करा आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ द्या. नव्या आवृत्तीत आलेल्या पर्यायांना मूळ किंमती मिळतात. ‘मेक ओल्डकॉन्फिग’ हेच काम प्रत्येक प्रश्न विचारून करते. दोन आवृत्त्यांत अंतर मोठे असेल तर प्रश्न शेकड्यांनी येतात.

इथेच एक प्रत वेगळी ठेवा, समजा ‘कॉन्फिग-मूळ’ नावाने, आणि सोर्सच्या फोल्डरबाहेर. कारण ‘मेक एमआरप्रॉपर’ ही आज्ञा साफसफाई करताना ‘.कॉन्फिग’ही पुसून टाकते. फक्त ऑब्जेक्ट फाइली काढायच्या असतील तर ‘मेक क्लीन’ वापरा, त्यात कॉन्फिग शाबूत राहते.

डेबियन आणि उबंटूच्या कॉन्फिगमध्ये एक हमखास अडणारी ओळ असते: ‘सिस्टिम-ट्रस्टेड-कीज’. तिच्यात वितरणाच्या स्वतःच्या प्रमाणपत्राच्या ‘.पेम’ फाइलीचा मार्ग लिहिलेला असतो. ती फाइल मूळ सोर्समध्ये नसते, म्हणून थोड्या वेळाने ‘नो रूल टू मेक टार्गेट’ असे म्हणत बिल्ड कोसळतो. उपाय सोपा आहे. ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-एसटीआर’ देऊन ही किंमत रिकामी करा. उबंटूवर ‘सिस्टिम-रिव्होकेशन-कीज’ हीसुद्धा रिकामी करावी लागते.

दुसरी गोष्ट डीबग माहिती. वितरणाच्या कॉन्फिगमध्ये ती चालू असते आणि तिच्यामुळे वेळ व जागा दोन्ही फुगतात. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ उघडा, ‘कर्नल हॅकिंग’मध्ये ‘कंपाइल-टाइम चेक्स’, त्यात ‘डीबग इन्फर्मेशन’, आणि तिथे ‘डिसेबल’ निवडा. याने बीटीएफही (कर्नलच्या डेटाप्रकारांची माहिती) जाते. बीपीएफवर आधारलेली काही साधने वापरत असाल तर मात्र डीबग माहिती ठेवावी लागेल.

आता ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’. ही आज्ञा ‘एलएसमॉड’ची यादी वाचते आणि या क्षणी लोड नसलेली मॉड्यूल्स कॉन्फिगमधून काढते. डेबियनच्या पूर्ण कॉन्फिगला चार-आठ कोअरच्या लॅपटॉपवर तासाच्या आगेमागे, आणि जुन्या दोन कोअरच्या मशीनवर कित्येक तास लागतात. लोकलमॉडकॉन्फिगनंतर हेच काम बहुधा मिनिटांत मोजता येते. म्हणूनच ती लोकप्रिय आहे, आणि म्हणूनच ‘सगळे चालते पण प्रिंटर नाही’ अशा तक्रारीही तिच्यामुळेच निघतात. ‘या क्षणी लोड नसलेले’ म्हणजे नेमके काय, ते नीट बघा.

आज्ञा देण्याआधी वापरातल्या सगळ्या गोष्टी एकदा जोडा आणि चालवा. पेनड्राइव्ह माउंट करा, एक्सफॅट आणि एनटीएफएस दोन्ही प्रकारचे. प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, ब्लूटूथ हेडफोन, एचडीएमआय प्रोजेक्टर जोडा. मोबाइलवरून यूएसबी टेदरिंग सुरू करा. घरचे ब्रॉडबँड बंद पडले की त्याच्यावरच भिस्त असते, आणि त्याचे ‘आरएनडीआयएस-होस्ट’ मॉड्यूल एरवी कधीच लोड नसते. व्हीपीएन जोडा. डॉकर वापरत असाल तर एखादा कंटेनर चालू ठेवा, म्हणजे ‘ओव्हरले’, ‘व्हीईटीएच’ आणि ‘बीआर-नेटफिल्टर’ यादीत येतील. उबंटूवर स्नॅप असतात, त्यांना ‘लूप’ आणि ‘स्क्वॉशएफएस’ लागतात. हे सगळे चालू असताना ‘एलएसमॉड’ची यादी फाइलीत साठवा आणि ती ‘एलएसमॉड=’ या चलातून आज्ञेला द्या. ही फाइल आठवडाभर रोज थोडी वाढवत नेणे सर्वांत चांगले.

एखादा पूर्ण विभाग वाचवायचा असेल तर ‘एलएमसी-कीप’ या चलात त्याचा मार्ग द्या, उदाहरणार्थ ‘ड्रायव्हर्स/यूएसबी:एफएस’. यूएसबी आणि फाइलसिस्टिम हे दोन विभाग असे राखून ठेवावेतच. थोडा जास्त वेळ लागतो, पण अनोळखी पेनड्राइव्ह समोर आला तरी अडत नाही.

मेन्यूकॉन्फिगमध्ये फिरताना ‘/’ दाबून पर्यायाचे नाव शोधता येते. उत्तरात तो कुठल्या मेनूत आहे आणि कशावर अवलंबून आहे हे दिसते. पर्याय मेनूत सापडतच नसेल तर त्याचे अवलंबित्व पूर्ण झालेले नसते, ‘.कॉन्फिग’ हाताने संपादित करून तो घुसवला तरी पुढच्या ओल्डडेफकॉन्फिगमध्ये गुपचूप गळून पडतो.

‘वाय’ की ‘एम’, म्हणजे कर्नलमध्येच की मॉड्यूल म्हणून? शंका असेल तिथे ‘एम’. सगळे आत घातले की बरे असे वाटते, पण त्यात एक खोच आहे. ग्राफिक्स आणि वाय-फायचे बरेचसे ड्रायव्हर फर्मवेअर फाइल (उपकरणात चढवायचा कोड) मागतात. ड्रायव्हर कर्नलच्या आतच असेल तर तो रूट फाइलसिस्टिम माउंट होण्याआधी जागा होतो, ‘/लिब/फर्मवेअर’ तोवर अस्तित्वातच नसते, आणि ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ असा संदेश येतो. पॅकेज इन्स्टॉल आहे, फाइलही जागेवर आहे, तरी कार्ड चालत नाही. असा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला की प्रश्न सुटतो.

उलट बाजूही आहे. इनिटरॅमएफएसशिवाय बूट करायचे असेल तर डिस्क कंट्रोलर आणि रूटची फाइलसिस्टिम, म्हणजे एनव्हीएमई किंवा एएचसीआय आणि ईएक्सटी४, ‘वाय’च हवेत. शिवाय ‘रूट=यूयूआयडी’ हे कर्नलला स्वतःला समजत नाही, ते काम इनिटरॅमएफएसचे असते; कर्नलला ‘पार्टयूयूआयडी’ किंवा डिव्हाइसचे नाव कळते. डेबियनवर इनिटरॅमएफएस आपोआप बनते, तेव्हा ती काढायच्या फंदात पडू नका.

शेवटी ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग’ला मूळ प्रत आणि नवी ‘.कॉन्फिग’ द्या आणि फरक वाचून काढा. लोकलमॉडकॉन्फिगनंतर यादी लांब येईल, पण ती वाचायचीच. ‘डेव्हटीएमपीएफएस’, ‘सीग्रुप्स’, ‘आयनोटिफाय-यूजर’, ‘एफहँडल’ यांतले काही उडालेले दिसले तर थांबा. सिस्टिमडी (बूटनंतर सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्यांच्याविना चालणार नाही.

बिल्ड

कर्नलला नाव द्या, म्हणजे डेबियनच्या कर्नलशी गल्लत होणार नाही. ‘लोकलव्हर्जन’ या चलात ‘-घर१’ असे काही ठेवा. हे नाव पॅकेजच्या नावात जाते, आणि डेबियन पॅकेजच्या नावात लहान रोमन अक्षरे, आकडे, अधिक, उणे आणि टिंब एवढेच चालते. अंडरस्कोअर आणि मोठी अक्षरे टाळा.

मग ही एकच आज्ञा: ‘मेक -जे८ बिनडेब-पीकेजी’, सोबत ‘लोकलव्हर्जन=-घर१’. आठच्या जागी ‘एनप्रॉक’ सांगेल तो आकडा घाला. ‘मेक इन्स्टॉल’ आणि ‘मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉल’ हा जुना रस्ताही चालतो, पण पॅकेज बनवले की पुढे काढून टाकणे एका आज्ञेचे काम होते. ‘अनमेट बिल्ड डिपेंडन्सीज’ असे आले तर पुढेच राहिलेल्या पॅकेजचे नाव असते. ते इन्स्टॉल करून पुन्हा तीच आज्ञा द्या.

चूक आल्यावर सर्वांत शेवटची ओळ बघून उपयोग नसतो. ‘मेक: एरर २’ एवढेच तिथे लिहिलेले असते आणि समांतर कामांमुळे खरी चूक बरीच वर गेलेली असते. ‘-जे१’ देऊन पुन्हा चालवा, खरी ओळ शेवटाला येईल.

‘जीएल्फ.एच’ किंवा ‘ओपनएसएसएल’ची हेडर फाइल सापडत नाही म्हणत असेल तर लिबएल्फ-डेव्ह किंवा लिबएसएसएल-डेव्ह राहिले आहे. ‘फेल्ड टू जनरेट बीटीएफ’ आले तर ड्वार्व्ह्ज पॅकेजातला ‘पाहोल’ नाही, किंवा मेमरी अपुरी पडली. ‘किल्ड’ एवढाच शब्द येऊन कंपाइलर मेला तर मेमरी संपली हे नक्की. ४ जीबी रॅमवर ‘-जे२’ ठेवा आणि ब्राउझर बंद करा. जुनी, म्हणजे ५ च्या मालिकेतली आवृत्ती नव्या जीसीसीने बांधताना कोडमध्येच चुका निघू लागल्या तर ‘सीसी=जीसीसी-१२’ असा जुना कंपाइलर द्या.

‘इंटर्नल कंपाइलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट’ ही वेगळी जात आहे. दर वेळी त्याच फाइलीवर आली तर कंपाइलरची चूक असू शकते. दर वेळी वेगळ्या फाइलीवर आली तर जवळजवळ नेहमी रॅम किंवा उष्णता कारणीभूत असते. कर्नलचा बिल्ड सगळे कोअर सलग पूर्ण ताणावर ठेवतो, तेवढा ताण एरवी मशीनवर येत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात धूळ साचलेल्या पंख्याचा लॅपटॉप यात हमखास गुडघे टेकतो. ‘सेन्सर्स’ने तापमान बघा, कोअर निम्मे करा, आणि तरीही चूक राहिली तर रात्रभर मेमटेस्ट लावा.

वीज गेली तरी सगळे पहिल्यापासून करावे लागत नाही. मेक जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. फक्त त्या क्षणी लिहिली जात असलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची राहू शकते, आणि मग लिंकिंगच्या वेळी ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड’ येते. ‘फाइंड’ने शून्य आकाराच्या ‘.ओ’ फाइली शोधून पुसा आणि आज्ञा पुन्हा द्या.

इन्स्टॉल आणि पहिले बूट

पॅकेजेस सोर्सच्या बाहेरच्या, म्हणजे एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये पडतात. ‘लिनक्स-इमेज’ आणि ‘लिनक्स-हेडर्स’ ही दोन ‘डीपीकेजी -आय’ने इन्स्टॉल करा. ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’ नको, ते डेबियनच्या त्याच नावाच्या पॅकेजची जागा घेईल. इनिटरॅमएफएस आणि ग्रबची यादी पॅकेजच करते. एनव्हिडियाचा मालकीचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स असेल तर डीकेएमएसही (असे बाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधणारे साधन) याच वेळी चालते, त्याचे शब्द नीट वाचा. हेडर्स नसतील किंवा ड्रायव्हर नव्या कर्नलला अजून तयार नसेल तर ते इथे कळते, आणि दुर्लक्ष केले तर काळ्या पडद्यावर कळते.

‘मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉल’च्या जुन्या रस्त्याने गेला असाल आणि इनिटरॅमएफएस अवाढव्य झाली असेल, काहीशे एमबी, तर बहुधा मॉड्यूल्समध्ये डीबग माहिती राहून गेली आहे.

आता ‘ग्रब-रीबूट’ने नवी नोंद एका खेपेसाठी निवडा आणि रीबूट करा. ग्रबची यादी आवृत्तीच्या क्रमाने लागते. तुमचा कर्नल डेबियनच्या कर्नलपेक्षा जुन्या आकड्याचा असेल तर तो यादीत खाली असतो.

‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ हा पॅनिक आला तर कर्नलला डिस्क दिसलेली नाही. तीन कारणे शोधा: इनिटरॅमएफएस बनलीच नाही, बहुधा /बूट भरल्यामुळे, डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर कॉन्फिगमधून उडाला, किंवा ‘बीएलके-डेव्ह-इनिटआरडी’ आणि त्याखालचा झेडएसटीडीसारखा कॉम्प्रेशनचा पर्याय बंद आहे. इनिटरॅमएफएसचे शेल येऊन रूट सापडत नाही म्हणत असेल तर कर्नल ठीक आहे, ड्रायव्हर किंवा डीएम-क्रिप्टसारखे मॉड्यूल आत आलेले नाही. आणि हे शेल बघायचे असेल तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘पॅनिक=१०’ त्या खेपेपुरते काढा, कारण ते असताना डेबियनची इनिटरॅमएफएस शेल न देता रीबूट करते.

बूट होऊन इमर्जन्सी मोडमध्ये गेले तर ‘एफएसटॅब’मधले एखादे पार्टिशन माउंट झालेले नसते. बहुतेक वेळा ते /बूट/ईएफआय असते: व्हीफॅट आहे, पण त्याला लागणारे ‘एनएलएस’ अक्षरसंचाचे मॉड्यूल गेलेले असते. डीमेसेजमध्ये ‘आयओ चारसेट नॉट फाउंड’ दिसेल.

नीट उठला तर ‘यूनेम -आर’ने नाव ताडा. मग ‘डीमेसेज --लेव्हल=ईआरआर,वॉर्न’ आणि ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ बघा, आणि दोन्ही जुन्या कर्नलवरच्या उत्तरांशी ताडून पाहा. काही इशारे आधीपासूनचेच असतात. ‘एलएसपीसीआय -के’मध्ये ज्या उपकरणाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ जुन्या कर्नलवर होती आणि आता नाही, त्याचा ड्रायव्हर तुमच्याकडून निसटला आहे. लॅपटॉप झोपवून उठवून बघा, आवाज, ब्लूटूथ, पडद्याचा उजेड तपासा. सगळे दोन-चार दिवस ठीक चालले की मगच ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ने नव्याला कायमचे करा.

पुढची देखभाल

स्वतः बांधलेल्या कर्नलला एपीटी अपडेट देत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या स्टेबल आवृत्त्यांतून जवळजवळ दर आठवड्याला येतात आणि त्या घेणे आता तुमच्याकडे आले. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडा, जुनी ‘.कॉन्फिग’ तिथे न्या, ओल्डडेफकॉन्फिग चालवा, ‘-घर२’ नाव द्या आणि बांधा. नाव तेच ठेवून पुन्हा बांधले आणि आवृत्तीही तीच असली तर नवे पॅकेज जुन्याच मॉड्यूल्सवर लिहिते, आणि तेव्हा तुमचा आधीचा चालता कर्नल हातचा जातो.

काढायचे असेल तर ‘एपीटी पर्ज’ला लिनक्स-इमेजचे पूर्ण नाव द्या, पण त्या क्षणी चालू असलेला कर्नल काढू नका. पूर्वी कधी ‘मेक इन्स्टॉल’ने घातलेला कर्नल असेल तर पॅकेज नसते, /बूटमधल्या त्या आवृत्तीच्या चार फाइली, म्हणजे व्हीएमलिनझ, इनिटआरडी.इमेज, सिस्टिम.मॅप आणि कॉन्फिग, तसेच ‘/लिब/मॉड्यूल्स’मधले तिचे फोल्डर हाताने पुसा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा.